स्टीफन्सनच्या अंगावरची चादर

गेल्या शुक्रवारी ऑफिसात टाउनहॉल झाला. टाउनहॉल म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवायचं, एकेक समोसा द्यायचा आणि तिमाहीचे आकडे दाखवायचे. आकडे संपले आणि पडद्यावर एक पांढराशुभ्र संगमरवरी पुतळा आला. बसलेला माणूस, अंगाभोवती चादरीसारखं वस्त्र, जवळ पाटी आणि कंपास, चेहरा विचारात बुडालेला. मला वाटलं, आर्किमिडीज असणार. खाली नाव होतं जॉर्ज स्टीफन्सन. आणि त्याखाली एक ओळ: 'रेल्वेचा जनक. शाळेत कधी गेला नाही. सगळं स्वतः शिकला!'

टाळ्या.

पुढची स्लाइड अशी: या वर्षापासून बाहेरची ट्रेनिंग बंद. सर्टिफिकेशनच्या परीक्षेची फी ज्याची त्यानं भरायची. कारण आपण आता 'सेल्फ लर्निंग कल्चर'कडे चाललो आहोत.

पुन्हा टाळ्या. (समोसा खाल्लेला माणूस कशालाही टाळ्या वाजवतो.)

घरी आलो तरी तो पुतळा डोक्यातून जाईना. कारण दोन वर्षांपूर्वी ऑनसाइटला असताना न्यूकॅसलच्या स्टेशनजवळ मी ह्याच माणसाचा दुसरा पुतळा पाहिला होता, आणि तो ह्याच्यापेक्षा बराच वेगळा होता. मग शनिवार-रविवार वाचत बसलो. आता जे लिहितोय ते त्याच रागातून आलेलं आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

आधी ती चादर. स्लाइडवरचा पुतळा लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये आहे, १८५१ सालचा. करणारा जॉन गिब्सन. हा मूळचा वेल्सचा, पण आयुष्य काढलं रोममध्ये. कोट-पँट ही शिल्पात घेण्याजोगी गोष्टच नाही, असं त्याचं मत. त्यामुळे त्यानं स्टीफन्सनला सरळ प्राचीन ग्रीक-रोमन पोशाख चढवला आणि आर्किमिडीजसारखा ध्यानमग्न करून टाकला. पैसे मोजले होते रेल्वे कंपन्यांनी. म्हणजे ज्यांनी ह्या माणसाला बूट चिखलात रुतवून रुळांच्या कामावर उभा राहिलेला पाहिलं होतं, त्यांनीच. पण आठवण म्हणून त्यांना हवा होता तो चिंतक. कोळशाच्या खाणीतला इंजिनवाला दिवाणखान्यात शोभत नाही ना!

आता तो इंजिनवाला बघू. जन्म ९ जून १७८१, इंग्लंडच्या उत्तरेला वायलम नावाचं खेडं. बाप खाणीतल्या पंपाच्या इंजिनावर कोळसा टाकणारा. घरात पोरं बरीच, शाळेला पैसे नाहीत. त्याचा चरित्रकार सॅम्युअल स्माइल्स सांगतो की लहानपणी जॉर्ज चिखलमातीची इंजिनं बनवून खेळायचा. वयाच्या अठराव्या वर्षी तो स्वतः इंजिनावर कामाला होता, रोजचे बारा तास, आणि त्याला वाचता येत नव्हतं. स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं.

इथपर्यंत स्लाइड बरोबर आहे. पुढचं मात्र स्लाइडवर नव्हतं.

अठराव्या वर्षी जॉर्ज रात्रशाळेत गेला. आठवड्यातून तीन रात्री, फी आठवड्याला तीन पेन्स. एकोणिसाव्या वर्षी त्याला आपलं नाव लिहिता आलं. मग गणितासाठी दुसरा मास्तर धरला, त्याची फी चार पेन्स. गणितं पाटीवर लिहून आणायची, कामावर इंजिनाशेजारी बसून मधल्या फुरसतीत सोडवायची आणि संध्याकाळी मास्तरकडे तपासायला द्यायची. बारा तासांच्या शिफ्टनंतर. वरकमाईसाठी तो बूट दुरुस्त करायचा, घड्याळं दुरुस्त करायचा. आणि शनिवारी खाण बंद असली की आपलं इंजिन पूर्ण खोलायचा, पुसायचा, पुन्हा जोडायचा. आपण शनिवारी काय करतो ते मी लिहीत नाही.

म्हणजे 'सगळं स्वतः शिकला' हे अर्धसत्य झालं. त्याला मास्तर होते, आणि त्यांना तो पोटाला चिमटा काढून फी देत होता. त्याला हात लावायला खरं इंजिन होतं. आणि आमच्या टाउनहॉलसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला पैसा लावणारे मालक होते. १८११ मध्ये किलिंगवर्थच्या खाणीतला, कुणालाच जमत नसलेला पंप त्यानं चालू करून दाखवला. १८१२ मध्ये मालकांनी त्याला तिथला एंजिनराइट नेमलं, म्हणजे खाणीच्या सगळ्या यंत्रांची जबाबदारी त्याच्यावर. पगार वर्षाला १०० पौंड. मग ह्याच मालकांच्या पैशावर, खाणीच्याच वर्कशॉपात त्यानं १८१४ मध्ये आपलं पहिलं वाफेचं इंजिन बनवलं, 'ब्लूखर'. ते काही फार भारी नव्हतं. त्याच्या आधी ट्रेव्हिथिकनं १८०४ मध्येच वेल्समध्ये रुळांवर वाफेचं इंजिन चालवून दाखवलं होतं. पण मालकांनी स्टीफन्सनला चुकू दिलं, पुन्हा बनवू दिलं, आणि त्या चुकांचं बिल स्वतः भरलं. त्याला आज आपण 'आर अँड डी बजेट' म्हणतो. तेव्हा एचआरच्या मंडळींना माझा साधा प्रश्न आहे: स्टीफन्सनचा पुतळा दाखवायचा असेल, तर त्याच्या मालकांचं वागणं कोणत्या स्लाइडवर आहे?

आता न्यूकॅसलचा पुतळा. १८६२ साली उभारलेला, ब्राँझचा, जॉन ग्रॅहम लफ ह्या शिल्पकाराचा. लफ त्याच भागातला, दगडकाम करणाऱ्या गवंड्याच्या हाताखाली शिकून वर आलेला. त्यानंही स्टीफन्सनच्या खांद्यावर एक वस्त्र टाकलं आहेच, पण ते नॉर्थंबरलंडच्या धनगरी उपरण्यासारखं आहे आणि आत चक्क त्याच्या काळचे कपडे आहेत. खरी गंमत खाली आहे. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार कामगार रेललेले आहेत: रूळ टाकणारा, लोहार, इंजिनवाला आणि खाणकामगार. चौघंही अंगापिंडानं ग्रीक देव वाटतात, ते सोडून द्या. पण त्या खाणकामगाराच्या हातात एक दिवा आहे. मी तिथे उभा राहून त्याचा फोटो काढला होता, तेव्हा त्याचं महत्त्व मला ठाऊक नव्हतं.

तो दिवा म्हणजे 'जॉर्डी लॅम्प'. कोळशाच्या खाणीत मिथेन साठतो आणि उघड्या ज्योतीनं त्याचा स्फोट होतो. त्या काळी अशा स्फोटांत एका वेळी पन्नास-पन्नास, नव्वद-नव्वद माणसं जायची. १८१५ च्या ऑक्टोबरात स्टीफन्सननं बारीक नळ्यांतून हवा आत घेणारा दिवा बनवला आणि तो घेऊन स्वतः वायू सुटत असलेल्या जागी गेला. स्वतः! त्याच सुमारास लंडनमध्ये सर हम्फ्री डेव्ही हा नामांकित रसायनशास्त्रज्ञ त्याच प्रश्नावर काम करत होता. नोव्हेंबरात रॉयल सोसायटीपुढे त्याचं काम मांडलं गेलं, आणि त्यानंतर त्यानं तारेच्या जाळीचा दिवा बनवला. दोघं वेगवेगळ्या वाटेनं एकाच उत्तराला पोचले होते. पण बक्षीस वाटताना डेव्हीला २००० पौंड आणि स्टीफन्सनला १०० गिनी. वर डेव्हीनं ही चोरी आहे असा कांगावा केला. लंडनच्या विद्वानांना पटेचना, की गावंढळ उच्चारात बोलणारा, धड व्याकरण न येणारा खाणीतला यंत्रवाला असलं काही स्वतः शोधू शकेल. शेवटी न्यूकॅसलच्या लोकांनी चौकशी केली, साक्षीपुरावे छापले आणि वर्गणी काढून त्याला १००० पौंड दिले.

आता खरा कहर ऐका. हा डेव्ही स्वतः लाकडावर कोरीवकाम करणाऱ्याचा मुलगा. विद्यापीठात कधी गेला नाही. एका डॉक्टर-औषधविक्याकडे उमेदवारी करताना पुस्तकं वाचून रसायनशास्त्र शिकला. म्हणजे हाही 'सेल्फ लर्नर'च! माडीवर पोचला आणि शिडी वर ओढून घेतली.

हे वाचताना मला आमच्या टीममधला एक मुलगा आठवला. आठवला कशाला, रोज शेजारीच बसतो. सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावातला, बाहेरून बी.कॉम. केलेलं, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करता करता लिनक्स शिकला. कॉन्ट्रॅक्टवर आहे. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन सर्व्हर झोपला की फोन त्यालाच जातो, बी.ई. झालेल्या आम्हा सातजणांना जात नाही. त्याला पर्मनंट करा म्हणून मॅनेजरनं दोनदा लिहिलं. दोनदा उत्तर आलं: 'पात्रता निकषात बसत नाही.' निकष तुम्हाला पाठ असेल. बी.ई. किंवा बी.टेक., थ्रूआउट साठ टक्के.

त्या शुक्रवारी तो माझ्या शेजारीच बसला होता. स्टीफन्सनच्या स्लाइडला त्यानंही टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "दादा, ह्यांना साठ टक्के होते का?"

मेलेल्या स्वयंशिक्षिताचा पुतळा पडद्यावर आणि जिवंत स्वयंशिक्षित कॉन्ट्रॅक्टवर. ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. गेल्या वर्षी भरतीच्या वेळी माझ्याकडे दोनेकशे रेझ्युमे आले होते. पहिली चाळणी मी कशी लावली? शिक्षणाचा रकाना बघून. बी.ई. नाही, बाजूला. दहा मिनिटांत निम्मा ढीग साफ. वेळ नव्हता, हे कारण मी स्वतःला दिलं. डेव्हीलाही कदाचित वेळ नसेल.

इथे काहीजण खूश झाले असतील. "बघ, आम्ही म्हणतच होतो! डिग्रीत काय ठेवलंय? कॉलेजात चार वर्षं फुकट गेली." थांबा राव. तुमच्याशीही भांडण आहे.

१८२५ साल. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचं विधेयक पार्लमेंटच्या समितीपुढे होतं. मार्गाची पाहणी स्टीफन्सनची. जमीनदारांचा विरोध असल्यामुळे पाहणी चोरूनमारून, घाईत झालेली, आणि पुष्कळशी मोजमापं हाताखालच्या लोकांवर सोडलेली. विरोधकांचा वकील होता एडवर्ड आल्डरसन. केंब्रिजला गणितात पहिला आलेला. त्यानं स्टीफन्सनला उभा-आडवा सोलला. इरवेल नदीवरचा पूल किती कमानींचा? नदी तिथे किती रुंद? पुराचं पाणी कुठवर येतं? स्टीफन्सनकडे धड उत्तरं नव्हती. पातळ्यांची मोजमापं खरोखरच चुकलेली होती. विधेयक बारगळलं, आणि स्टीफन्सनला कामावरून बाजूला व्हावं लागलं. नवीन पाहणी शिकल्यासवरल्या इंजिनिअरांकडून करून घेतली, तेव्हा कुठे १८२६ मध्ये मंजुरी मिळाली. मग तो परत आला आणि त्यानं ती रेल्वे बांधली. चॅट मॉस नावाच्या ज्या दलदलीवर रूळ टाकणं म्हणजे खुळेपणा, असं आल्डरसन म्हणत होता, तिच्यावर झुडपं आणि फांद्यांच्या चटया अंथरून त्यानं जणू तरंगता रस्ता केला. १५ सप्टेंबर १८३० ला गाडी धावली. दलदलीबाबत विद्वान चुकला. मोजमापाबाबत मात्र विद्वानच बरोबर होता. पद्धतशीर शिक्षण नसण्याची किंमत असते आणि ती भर समितीत, सगळ्यांसमोर मोजावी लागते. हा प्रसंग कुठल्याही पुतळ्यावर कोरलेला नाही.

आणि हे स्टीफन्सनइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तर त्यानं एकुलत्या एका मुलाला, रॉबर्टला, आपल्यासारखं 'स्वतः शिक' म्हणून सोडून दिलं नाही. पोराला न्यूकॅसलच्या चांगल्या खाजगी शाळेत घातलं. ती काही मैल लांब, म्हणून त्याला गाढव घेऊन दिलं! न्यूकॅसलच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीचं सभासदत्व घेतलं. पोरगा तिथून विज्ञानाची पुस्तकं आणायचा आणि रात्री बाप-लेक ती एकत्र वाचायचे. १८१६ मध्ये दोघांनी मिळून बनवलेलं सूर्यघड्याळ त्यांच्या घराच्या दारावर बसवलं. पुढे रॉबर्टला सहा महिने एडिंबरा विद्यापीठातही पाठवलं. ते १८२५ चं विधेयक आपटलं, तेव्हा हा शिकलेला मुलगा दक्षिण अमेरिकेत खाणींच्या कामावर होता.

परत आल्यावर न्यूकॅसलच्या कारखान्यात रॉबर्टच्या देखरेखीखाली 'रॉकेट' तयार झालं. बॉयलरमधून एकाऐवजी पुष्कळ नळ्या न्यायच्या, ही कल्पना रेल्वे कंपनीचा खजिनदार हेन्री बूथ याची. १८२९ च्या रेनहिलच्या स्पर्धेत त्यानं ५०० पौंडांचं बक्षीस मारलं. एकट्या महापुरुषानं झाडाखाली बसून लावलेला शोध नव्हता तो. तीन डोकी आणि एक अख्खा कारखाना.

आता तुम्ही म्हणाल, ह्या विलायतेच्या कथा आम्हाला कशाला? तर तुम्ही पुण्याहून मुंबईला ट्रेननं जाता ना? ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली हा रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला. १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी ह्याच्याच कारकिर्दीतली, आणि ३७ फुटांना एक फूट चढणारा, पंचवीस बोगद्यांचा बोरघाटही त्यानंच आखलेला. घाट १८६३ मध्ये सुरू झाला, तो बघायला बर्कली जिवंत नव्हता. आणि ते बोगदे खोदताना कॉलऱ्यानं, अपघातांनी मेलेल्या हजारो मजुरांची तर नावंही कुठे नाहीत. सांगायचं हे, की वायलमच्या त्या अडाणी पोराचं ज्ञान खंडाळ्यापर्यंत आपोआप उडत आलं नाही. बापानं मुलाला शिकवलं, मुलानं शिष्याला शिकवलं. शिकवणाऱ्यांनी वेळ दिला, कुणीतरी पैसे दिले. ही साखळी तोडायची आणि वर तिच्या पहिल्या कडीचा फोटो लावायचा, ह्याला 'कल्चर' म्हणत नाहीत. काटकसर म्हणतात. काटकसर करायची तर करा बापडे, पण मेलेल्या माणसाला तिचा ब्रँड अँबॅसेडर करू नका.

एक मित्र म्हणाला, "अरे, पुतळा म्हटला की थोडं उदात्तीकरण असणारच. एवढं काय मनाला लावून घेतोस?" मान्य. पण उदात्तीकरणातून काय गाळलं जातं, ते बघायला हवं. चादर पांघरली की फी भरणारा विद्यार्थी दिसेनासा होतो, मास्तर दिसेनासा होतो, आणि पैसा लावणारा मालक तर पार पुसला जातो. उरतो फक्त एक अवतारी पुरुष. आणि अवतारी पुरुषाला ट्रेनिंग लागत नाही, कसं सोयीचं आहे बघा! शिवाय जो अवतार नाही त्याला सांगता येतं, तुझ्यातच काहीतरी कमी होतं.

ह्याच माणसाचा आणखी एक पुतळा आहे. एडवर्ड हॉजेस बेलीनं केलेला, १८५४ मध्ये लंडनच्या यूस्टन स्टेशनच्या भव्य हॉलमध्ये उभा केलेला. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो हॉल पाडला. पुतळा आता यॉर्कच्या रेल्वे म्युझियममध्ये आहे. ह्या पुतळ्यासाठी वर्गणी काढली ती इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सनं. ह्या संस्थेचा पहिला अध्यक्ष स्टीफन्सन स्वतः होता, आणि इंजिनिअरांनी एकमेकांना आपलं काम सांगावं, एकमेकांकडून शिकावं, हाच तिचा उद्योग. स्माइल्सनं लिहून ठेवलंय की त्या वर्गणीत ३१५० कामगारांनी सरासरी दोन-दोन शिलिंग घातले होते. दोन शिलिंग म्हणजे मजुराची साधारण दिवसभराची कमाई. त्यांना कुणी समोसा दिला नव्हता. 'शिकायची संधी मिळाली तर आमच्यातलाही इथवर पोचतो', हे त्यांना त्या दगडात बघायचं होतं, असं मी आपलं समजतो.

असो. सोमवारी मी दोन गोष्टी करणार आहे. एक, टाउनहॉलच्या त्या मेलला 'रिप्लाय ऑल' करून माझ्याकडचा न्यूकॅसलचा फोटो पाठवणार, तो दिवा हातात धरलेल्या कामगाराचा. सोबत रात्रशाळेची फी, शंभर पौंड पगार आणि ब्लूखरचा खर्च कुणी केला, एवढंच चार ओळींत. दोन, ह्या महिन्यात निघणाऱ्या दोन जागांच्या जाहिरातीचा मसुदा माझ्याकडे आहे. त्यातली बी.ई.-बी.टेक.ची ओळ मी काढणार आणि तिथे लिहिणार, 'काम करून दाखवा'. एचआर ती ओळ परत घालेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. घालू देत. पण घालताना का घातली, ते त्यांना मेलवर लिहून द्यावं लागेल. आणि ते उत्तर मी पुढच्या टाउनहॉलमध्ये, त्या चादरवाल्या पुतळ्यासमोर उभा राहून वाचून दाखवीन.

तुमच्याकडे रेझ्युमेचा ढीग असेल, तर आज रात्री बाजूला टाकलेल्यांतले दहा पुन्हा उघडून बघा. मी काल बघितले. त्यातल्या दोघांना सोमवारी फोन करायचा आहे.